खाशाबा जाधव: डाव येत होता, मग मांडणी कोणी केली?

या आठवड्याच्या व्हिडिओसोबतचा हा लेख. व्हिडिओत वेळ कमी असतो, म्हणून त्यातला हिशोब आणि शेवटचा गृहपाठ इथे सविस्तर देतोय. वही-पेन घेऊन बसा, कारण मधे एक आकडेमोड आहे आणि ती नुसती वाचून कळत नाही.

आज आपण एका कॉलेजच्या पोराची गोष्ट बघणार आहोत. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचा विद्यार्थी, उंचीने लहान, गाव कराडजवळचं गोळेश्वर. नाव खाशाबा दादासाहेब जाधव. १९५२ साली हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्याने कुस्तीत कांस्यपदक जिंकलं. स्वतंत्र भारताचं हे पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. यानंतर असं वैयक्तिक पदक भारताला थेट १९९६ मध्ये लिअँडर पेसने मिळवून दिलं. महाराष्ट्राला तर २०२४ पर्यंत, म्हणजे स्वप्नील कुसाळेपर्यंत, ७२ वर्षं थांबावं लागलं. खाशाबांचा जन्मदिवस १५ जानेवारी. तोच आता आपला राज्य क्रीडा दिन आहे.

तुम्ही म्हणाल, "भाऊ, आम्हाला दुकान टाकायचं आहे, कुस्ती कुठून आणली?"

सांगतो. माझ्याकडे अमरावती-अकोल्याहून जे लोक शिकायला येतात, त्यातल्या बहुतेकांच्या हातात कसब असतं. कोणाचं लोणचं अप्रतिम, कोणाची शिलाई अशी की ग्राहक दुसरीकडे जात नाही, कोणी मोबाईल डोळे झाकून उघडतो. आणि सगळ्यांचा समज एकच: माल चांगला आहे ना, मग धंदा आपोआप चालेल. खाशाबांचं करिअर नीट वाचलं की हा समज गळून पडतो. त्यांच्याकडे कसब पहिल्या दिवसापासून होतं. पण पदकापर्यंत पोहोचायला आणखी चार-पाच गोष्टींची मांडणी करावी लागली. जिथे मांडणी झाली तिथे ते जिंकले, आणि जिथे ती करणारं कोणी नव्हतं तिथे त्यांचं नुकसान झालं. आजचा धडा एवढाच आहे. आता एकेक टप्पा घेऊ.

टप्पा १: माती वेगळी, मॅट वेगळी

खाशाबांचे वडील दादासाहेब स्वतः पैलवान. पोरगा लहानपणापासून लाल मातीत वाढला. आपल्याकडच्या कुस्तीत एक गोष्ट साधी असते: समोरच्याची पाठ लावा, चितपट करा, कुस्ती संपली. कोण जिंकलं ते शेवटच्या रांगेतल्या माणसालाही दिसतं.

ऑलिंपिकची कुस्ती होती मॅटवर. तिथे मिनिटं मोजली जातात, पकडीला आणि डावाला गुण असतात, पाठ न लागताही माणूस हरतो. मातीत पाय रुततो, मॅटवर तो वेगळाच चालतो. १९४८ साली खाशाबा लंडनला गेले तेव्हा या पातळीवरची मॅट त्यांच्यासाठी नवी होती. तिथे रीस गार्डनर नावाच्या अमेरिकन प्रशिक्षकाने त्यांना तयार केलं. खाशाबांनी ऑस्ट्रेलियाच्या बर्ट हॅरिसला आणि अमेरिकेच्या बिली जर्निगनला हरवलं, पण इराणच्या मन्सूर रईसीपुढे हरले. फ्लायवेट गटात सहावा क्रमांक आला.

सहावा! मॅटची फारशी सवय नसलेल्या पोराचा जगात सहावा! दुसरा कोणी असता तर आयुष्यभर हेच सांगत फिरला असता. खाशाबा परत आले आणि पुढची चार वर्षं त्यांनी नव्या पद्धतीच्या सरावात घातली.

आता आपल्याकडे या. घरी बनवलेलं लोणचं शेजारीपाजारी, नातेवाइकांत विकणं ही झाली माती. तिथे चव चांगली असली की तुम्ही जिंकलात. तेच लोणचं बरणीत भरून किराणा दुकानाच्या फळीवर ठेवायचं म्हटलं की तुम्ही मॅटवर आलात. तिथे अन्न परवाना लागतो. लेबलवर निव्वळ वजन, एमआरपी, बनवल्याची तारीख, उत्पादकाचं नाव-पत्ता लागतो. दुकानदाराचं मार्जिन किती, उधारी किती दिवसांची, फुटलेली बरणी कोणाच्या खात्यात, हे आधी ठरवावं लागतं. चव तीच आहे, पण आता चवीला एकटीला गुण मिळत नाहीत.

म्हणून नव्या बाजारात उतरताना पहिला प्रश्न "माझा माल कसा आहे" हा नको. पहिला प्रश्न हा: "इथे गुण कशाला मिळतात?" अकोल्यातल्या डाळ मिलला बारदाना पुरवायचा असेल तर गुण वेळेवर पोचवण्याला आहेत. लग्नाच्या ब्लाउजला गुण तारखेला आहेत. वरात निघाल्यावर शिवून दिलेला सुंदर ब्लाउज काय कामाचा!

टप्पा २: आपला वजनगट कोणता

लंडनला खाशाबा फ्लायवेटमध्ये, म्हणजे ५२ किलोच्या गटात खेळले. हेलसिंकीला ते बँटमवेटमध्ये, ५७ किलोच्या गटात उतरले. कुस्तीत वजनगट असतो म्हणूनच लहान चणीच्या माणसाला जगात संधी मिळते. ५७ किलोच्या माणसाला कोणी ९० किलोवाल्यासमोर उभं करत नाही.

धंद्यात मात्र आपण स्वतःहून चुकीच्या गटात उभे राहतो. नांदगाव पेठच्या बाजूला बिझीलँड, सिटीलँड अशी कापडाची ठोक मार्केटं आहेत. गल्लीतल्या छोट्या कापड दुकानदाराने तिथल्या ठोक व्यापाऱ्याशी भावात झुंज घ्यायची ठरवली तर तो पहिल्याच मिनिटाला चीत आहे. त्याची खरेदीच तुमच्या विक्रीच्या कितीतरी पट. पण रविवारी रात्री नऊ वाजता पोराचा शाळेचा गणवेश उसवला आणि सोमवारी सकाळी पाहिजे, अशा वेळी गिऱ्हाईक ठोक मार्केटला जात नाही. ते तुमच्याकडे येतं. तो तुमचा गट.

वहीत लिहा: माझ्याच वजनाचे माझे तीन प्रतिस्पर्धी कोण? नाव, गल्ली, त्यांचा भाव, त्यांच्याकडे न मिळणारी एक गोष्ट. मॉल आणि ऑनलाइनवाल्यांचं नाव या यादीत लिहू नका. ती वेगळी कुस्ती आहे.

टप्पा ३: डावललं तर दाद मागा

हेलसिंकीच्या निवडीच्या वेळी खाशाबांना डावललं जात होतं. त्यांनी घरी बसून नशिबाला दोष दिला नाही. पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली, पुन्हा कुस्ती लावून घेतली आणि ती जिंकली. लक्षात घ्या, त्यांनी "मला पाठवा" अशी गयावया केली नाही. "पुन्हा लढू द्या" एवढंच मागितलं.

कर्जाचा अर्ज नामंजूर झाला की आपले निम्मे लोक तिथेच थांबतात. "बँकवाले देतच नाहीत" म्हणून मोकळे. तसं करू नका. नामंजुरीचं कारण लेखी मागा. कारण कळलं की बरेचदा काम छोटं निघतं: कोटेशन जुनं आहे, जागेचा भाडेकरार नाही, प्रकल्प अहवालात विक्रीचा अंदाज हवेतला आहे. ते दुरुस्त करा आणि पुन्हा अर्ज द्या. जिल्हा उद्योग केंद्रात जाऊन विचारा. सौजन्याने, पण कागद हातात घेऊन. भांडणाने फाईल सरकत नाही, नेमका प्रश्न विचारल्याने सरकते.

टप्पा ४: सात हजार रुपये

आता मुद्द्याचं. हेलसिंकीला जायचं ठरलं, पण पैसे कुठे होते? लंडनच्या वेळी कोल्हापूरच्या महाराजांनी खर्च उचलला होता. या वेळी गावोगाव वर्गणी गोळा झाली. गोळेश्वरच्या, कराडच्या लोकांनी जमेल तसं दिलं. तरी रक्कम पुरेना. तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं राहतं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले.

विचार करा. विद्यार्थ्याच्या कुस्तीसाठी मास्तर घर गहाण ठेवतात. हे वाचून अंगावर काटा येतोच. पण माझ्या विद्यार्थ्यांना मी यानंतरची ओळ जास्त वेळा वाचायला सांगतो. पदक घेऊन परत आल्यावर खाशाबांनी कुस्त्या मारल्या, बक्षिसाचे पैसे जमवले आणि खर्डेकर सरांचं घर सोडवलं. सत्कार, हारतुरे सगळं होतं, पण दुसऱ्याच्या दारावरचा बोजा आधी उतरवला.

तुम्ही जेव्हा सासऱ्याकडून दोन लाख घेता, आईच्या बांगड्या गहाण टाकता, बहिणीची ठेव मोडायला लावता, तेव्हा तुमच्या धंद्यात कोणाचं तरी घर गहाण पडलेलं असतं. कागद नसेल, पण गहाण आहेच. म्हणून घरातलं कर्जही बँकेच्या कर्जासारखंच लिहून काढा: रक्कम किती, कधीपासून परत, महिन्याला किती. तोंडी व्यवहारातून धंदा बुडण्याआधी नातं बुडतं.

आणि घेण्याआधी ही आकडेमोड करा. समजा एक लाख रुपये घेतले, व्याज वर्षाला १२ टक्के, मुदत २४ महिने. हप्ता येतो साधारण ४,७०७ रुपये. दोन वर्षांत तुम्ही एकूण सुमारे १ लाख १३ हजार परत करता. इथपर्यंत सगळे करतात. पुढचं कोणी करत नाही.

हप्ता विक्रीतून जात नाही, नफ्यातून जातो. तुमच्या मालावर १०० रुपयांच्या विक्रीमागे २० रुपये सुटत असतील, तर ४,७०७ रुपये सुटायला महिन्याला सुमारे २३,५३५ रुपयांची *जास्तीची* विक्री लागेल. महिन्याचे २६ दिवस दुकान उघडं धरलं तर रोज ९०५ रुपये. आज जेवढं विकता त्याच्यावर ९०५. त्यात जास्तीचं वीजबिल, पोऱ्याचा पगार काही धरलेलं नाही.

आता स्वतःला विचारा: या एक लाखातून जे आणणार आहे, ते मशीन असो की माल, रोज ९०५ रुपयांची नवी विक्री देईल का? देईल तर बिनधास्त घ्या. फक्त दुकानाची पाटी चमकवायची असेल, एसी बसवायचा असेल, तर थांबा. मुद्रा योजनेत शिशु गटात ५० हजारांपर्यंत आणि किशोर गटात ५ लाखांपर्यंत कर्ज मिळतं, तेही तारण न ठेवता. पण तारण नाही म्हणजे परतफेड नाही, असा अर्थ काढू नका. तिथे तारण तुमचं नाव आहे.

टप्पा ५: कोपऱ्यात कोण उभं आहे

हेलसिंकी. खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीचे मल्ल हरवले. मग जपानच्या शोहाची इशीशी लांबलेली कुस्ती झाली आणि ती थोडक्यात गेली. हाच इशी पुढे सुवर्णपदक घेऊन गेला. त्या दमवणाऱ्या कुस्तीनंतर खाशाबांना लगेच सोव्हिएत संघाच्या मल्लाशी लढायला बोलावलं गेलं. नियमाप्रमाणे दोन कुस्त्यांच्या मधे अर्ध्या तासाची विश्रांती हवी होती. पण तो नियम तिथे ठासून सांगायला त्या क्षणी भारताचा एकही अधिकारी हजर नव्हता. खाशाबा थकलेल्या अंगाने उतरले आणि हरले. पदक कांस्य राहिलं.

नियम त्यांच्या बाजूने होता. फक्त तो बोलून दाखवणारं कोणी नव्हतं.

मॅटवर असलेला माणूस स्वतः घड्याळ बघू शकत नाही. तुम्ही गल्ल्यावर बसलेले असता तेव्हा तुम्हीही मॅटवरच असता. जीएसटीची तारीख, भाडेकराराची मुदत, पुरवठादाराने बिलात लावलेला जास्तीचा दर, हे बघणारं कोणीतरी बाहेर पाहिजे. मोठा पगारी मॅनेजर नको. महिन्याला ठरावीक फी घेणारा एक चांगला हिशोबनीस, बाजार समजणारा एक जुना व्यापारी ज्याला तुम्ही हक्काने काका म्हणता, आणि घरातलं एक माणूस ज्याला गल्ल्याचा खरा आकडा माहीत आहे. ही तीन माणसं म्हणजे तुमचा कोपरा. बरेच जण घरच्यांपासून खरा आकडा लपवतात. मग अडचणीच्या दिवशी घरचे मदत काय करणार, त्यांना कुस्ती कुठल्या फेरीत आहे हेच माहीत नसतं.

टप्पा ६: बैलगाड्या परत गेल्यावर

पदक घेऊन खाशाबा आले तेव्हा शंभराहून जास्त बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. ढोल, ताशे, गुलाल. अख्खा भाग रस्त्यावर. पण त्या मिरवणुकीतून महिन्याचं उत्पन्न उभं राहिलं नाही. १९५५ मध्ये ते पोलीस खात्यात उपनिरीक्षक म्हणून लागले. गुडघ्याच्या दुखापतीमुळे पुढचं ऑलिंपिक हुकलं. सहायक पोलीस आयुक्त म्हणून ते निवृत्त झाले, आणि नंतर पेन्शनसाठी त्यांना झगडावं लागलं. १९८४ मध्ये रस्ते अपघातात त्यांचं निधन झालं. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मृत्यूनंतर दीड दशकाने.

हे वाचून वाईट वाटतं, आणि वाटायलाच पाहिजे. देशाने त्यांचं देणं वेळेवर दिलं नाही. पण उद्योजक म्हणून यातून एक कोरडी गोष्ट शिकायची आहे: वाहवा वेगळी, गल्ला वेगळा.

आपल्या अमरावतीचंच एक उदाहरण घ्या. हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ, स्थापना १९१४. या मंडळाच्या पथकाने १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी कबड्डीसारखे आपले देशी खेळ करून दाखवले होते. म्हणजे खाशाबांच्या पदकाच्या १६ वर्षं आधी आपल्या वऱ्हाडची पोरं ऑलिंपिकच्या गावात पोहोचली होती. पण ते प्रात्यक्षिक होतं, स्पर्धा नव्हती. आणि कबड्डी आजही ऑलिंपिकच्या पदकतालिकेत नाही. मग मंडळ टिकलं कशावर? बर्लिनच्या टाळ्यांवर नाही. इथे अमरावतीत रोज सकाळी भरणाऱ्या सरावावर, पिढ्यान्‌पिढ्या चालवलेल्या शिक्षणावर. शंभर वर्षं उलटून गेली, संस्था उभी आहे.

सायन्सकोर मैदानावरच्या प्रदर्शनात तुमच्या स्टॉलला गर्दी होते, लोक फोटो काढतात, "ताई, काय मस्त आहे हो" म्हणतात, चार दिवसांत चांगली विक्री होते. ते झालं बर्लिन. पाचव्या दिवशी मंडप उतरतो. प्रश्न हा आहे की त्यातल्या किती जणांचा फोन नंबर तुमच्याकडे आहे, आणि पुढच्या महिन्यात किती जण पुन्हा घेतात. स्टॉलवर एक वही ठेवा: नाव, नंबर, काय घेतलं, पुन्हा कधी लागेल. मसाला साधारण महिना-दीड महिन्यात संपतो, मग त्या सुमारास एक मेसेज टाका. चार दिवसांच्या गल्ल्यापेक्षा ही वही महाग आहे.

आणि जे कमावता त्यातलं स्वतःसाठी बाजूला काढायला आजपासून सुरुवात करा. दुकानदाराला पेन्शन देणारं कोणी खातं नसतं. दुकान हेच पीएफ, असं समजून सगळा पैसा मालात अडकवू नका. मालकाचा ठरावीक पगार धरा, तो वेगळ्या खात्यात टाका आणि त्यातून आरोग्य विमा आणि थोडी बचत करा. रक्कम लहान असू द्या, पण दर महिन्याला.

या आठवड्याचा गृहपाठ

१. तुम्ही ज्या बाजारात आहात किंवा उतरणार आहात, तिथे "गुण" मिळणाऱ्या तीन गोष्टी लिहा. माल सोडून.

२. तुमच्या वजनगटातले तीन प्रतिस्पर्धी लिहा.

३. तुमचं कुठलंही कर्ज घ्या, घरचं किंवा बँकेचं. हप्ता भागिले मार्जिन, गुणिले शंभर, भागिले दुकानाचे दिवस. रोजची जास्तीची विक्री किती लागते ते काढा. आकडा आरशाजवळ चिकटवा.

४. तुमच्या कोपऱ्यातली तीन माणसं कोण? जागा रिकामी असेल तर रिकामीच ठेवा, खोटं नाव लिहू नका. या महिन्यात ती भरायची आहे.

५. मागच्या प्रदर्शनात किंवा सणात आलेल्या ग्राहकांपैकी पाच जणांना आज फोन करा. विकायला नाही, "माल कसा वाटला" विचारायला.

तिसऱ्या प्रश्नाचा आकडा व्हिडिओच्या खाली लिहा, नुसता आकडा लिहिला तरी चालेल. ज्यांचा आकडा रोजच्या सध्याच्या विक्रीच्या चौथ्या हिश्शापेक्षा जास्त येतोय, त्यांनी नवीन कर्जाच्या कागदावर सही करण्याआधी एक आठवडा थांबावं आणि मला विचारावं. त्यांच्यासाठी पुढच्या शनिवारचा व्हिडिओ करतोय: जुनं कर्ज चालू असताना खेळतं भांडवल कसं सांभाळायचं.

तोपर्यंत दुकान वेळेवर उघडा. भेटू.